बाईंना विचारा : ‘सद्गति’मधला ओंडका

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी सत्यजित राय यांच्या ‘सद्गति’चा उल्लेख केला आणि ‘हा चित्रपट आपण फार लवकर विसरलो’ असं लिहिलं. त्या एका वाक्यावर आलेली पत्रं टेबलावर पडून आहेत. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न पुढे ढकलते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रेमचंदांची ‘सद्गति’ ही कथा ‘मानसरोवर’च्या चौथ्या भागात आहे. चर्मकार समाजातला दुखी आपल्या मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला पंडित घासीरामकडे जातो. पंडित त्याला आधी कामाला जुंपतो. अंगण झाडायचं, बैठक सारवायची, खळ्यातला भुसा वाहून आणायचा आणि एक गाठाळ ओंडका फोडायचा. उपाशीपोटी, उन्हात तो ओंडका फोडता फोडता दुखी मरतो. त्याचं प्रेत उचलायला कोणी येत नाही. राय यांनी 1981 साली दूरदर्शनसाठी यावर तासाभराहून लहान हिंदी चित्रपट केला. ओम पुरी, स्मिता पाटील, मोहन आगाशे आणि गीता सिद्धार्थ यांच्या त्यात भूमिका आहेत.

बाई, आम्हाला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ही कथा होती. वीस मिनिटांत वाचून झाली आणि रात्रभर झोप लागली नाही. तुमचं वाचून चित्रपट शोधून पाहिला. खरं सांगू? मला कंटाळा आला. माणूस नुसता लाकूड फोडतोय. कथेत नाही असं चित्रपटात काय आहे?
– एक विद्यार्थिनी, श्रीरामपूर

तू खरं लिहिलंस, याचा मला आनंद झाला. मीही खरंच लिहिते. तुला जिथे कंटाळा आला तीच या चित्रपटाची जागा आहे. का, ते नीट सांगायला थोडा वेळ लागेल.

आधी कथा पुन्हा उघड. पहिल्या पानापासून प्रेमचंद आपल्या शेजारी बसलेले असतात. पंडित घासीराम ईश्वराचे परमभक्त होते, असं ते सांगतात आणि लगेच त्या भक्तीचं वेळापत्रक मांडतात. तोंड धुता धुता आठ वाजायचे, मग ‘खरी’ पूजा सुरू व्हायची. तिचा पहिला भाग म्हणजे भांगेची तयारी. त्यानंतर अर्धा तास चंदन उगाळायचं, मग आरशासमोर बसून काडीनं कपाळावर टिळा रेखायचा. हे वाचताना कुणाची बाजू घ्यायची ते आपल्याला कळलेलं असतं. लेखकाचा उपरोध आपला हात धरून पुढे नेतो. तुला झोप लागली नाही त्यात त्या आवाजाचा मोठा वाटा आहे.

राय यांनी तो आवाजच काढून टाकला. चित्रपटात निवेदक नाही. कुणी कुणाची टर उडवत नाही. आगाशे यांचा पंडित खलनायकासारखा डोळे वटारत नाही. तो एक सुखवस्तू, जरा आळसावलेला, स्वतःच्या घरात निवांत वावरणारा माणूस आहे. दुखीला काम सांगताना त्याच्या आवाजात क्रौर्य नाही. आपण घरी आलेल्या माणसाला ‘जाता जाता एवढं पोस्टात टाकाल का’ म्हणतो, त्याच सहजतेनं तो ओंडका दाखवतो. ही सहजता मला पहिल्यांदा पाहताना कळलीच नव्हती. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा अंगावर आली.

निवेदक गेला, उपरोध गेला, मग उरलं काय? काम उरलं. ‘दुखी लाकूड फोडू लागला’ हे वाक्य वाचायला तुला दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांत कुऱ्हाड एकदाही खाली येत नाही. पडद्यावर ती वर जाते, खाली येते, लाकडावर आदळून परत उसळते. पुन्हा वर जाते. लाकडावर जेमतेम ओरखडा उमटतो. ओम पुरींचे खांदे बघ, पाठ बघ, घावागणिक तोंडातून निघणारा श्वास ऐक. कथा वाचताना आपण पंडितावर चिडलेले असतो. चित्रपट बघताना आपण मनात घाव मोजायला लागतो. तुला जो कंटाळा आला, तो वेळ दुखी त्या उन्हात घालवतोय. राय तो वेळ कापून आपली सुटका करत नाहीत. पंडितानं ज्या वेळाला काहीच किंमत दिली नाही, तो आपल्याला पुरता मोजायला लावतात.

आता एक बारकावा, कथेतलाच. दुखीला लाकूड फोडायची सवय नाही. तो गवत कापून बाजारात नेणारा माणूस. प्रेमचंद लिहितात की गवत त्याच्या खुरप्यापुढे मान तुकवायचं. चित्रपटातही तो आधी गवत कापतानाच दिसतो. विळ्या-खुरप्यात मुरलेले हात आणि समोर गाठाळ ओंडका. ही चूक दुखीची नाही, पण ती त्याच्या पदरात पडते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे बंबासाठी जळण घेऊन वखारीतले एक म्हातारे गृहस्थ येत. उभा जन्म लाकूड फोडण्यात गेलेला. एकदा मी त्यांना कथेतला हा भाग मराठीत सांगत सांगत वाचून दाखवला. ते चहा पीत होते. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, “पाचर दिली नव्हती व्हय त्याला?” मी म्हटलं, कथेत पाचरीचं नाव नाही. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. गाठीचं लाकूड नुसत्या कुऱ्हाडीनं फोडायला जायचंच नाही. आधी टोकाकडून चीर शोधायची, तिच्यात पाचर बसवायची आणि घणानं ठोकायची. “त्याला लाकूड फोडायला न्हाई लावलं बाई, त्याला नुसतं झोडायला लावलं.” चाळीस वर्षं हिंदी शिकवून मला या कथेवर असं वाक्य सुचलं नव्हतं.

राय यांनी कथेत फार कमी बदल केले. एक आवर्जून सांगते. चित्रपटातला दुखी नुकताच तापातून उठलेला आहे. त्याच्या बायकोला, झुरियाला, म्हणजे स्मिता पाटीलला, त्याची काळजी वाटते. कथेत मृत्यू अचानक झडप घालतो. इथे तो सकाळपासून घरातच आहे आणि झुरियाला त्याची चाहूल आहे. यामुळे एक गोष्ट साधते. ‘त्याची तब्येतच बरी नव्हती हो’ ही पळवाट पंडिताला, आणि आपल्यालाही, उघडी मिळते. आपण ती घेतो का, एवढंच चित्रपट बघत राहतो.

तुलनेसाठी राय यांचाच ‘शतरंज के खिलाड़ी’ आठव. 1977 चा, तोही प्रेमचंदांच्याच कथेवरचा. राय यांनी हिंदीत केलेले हे दोनच चित्रपट. ‘शतरंज’मध्ये त्यांनी कथेभोवती लखनौचा दरबार, इंग्रज रेसिडेंट, वाजिद अली शाह असं मोठं विश्व उभं केलं आणि शेवटही बदलला. प्रेमचंदांचे दोन्ही बुद्धिबळपटू एकमेकांना मारून मरतात, राय यांचे जिवंत राहून पुन्हा पट मांडतात. तोच दिग्दर्शक ‘सद्गति’कडे आला तेव्हा त्याला काही वाढवावंसं वाटलं नाही. संवादांसाठी प्रेमचंदांचे चिरंजीव अमृत राय बरोबर होते, आणि कथेचा कणा जिथल्या तिथे ठेवला. एक जागा मात्र मला खटकते. गावाबाहेरची दशमुखी रावणाची मोठी मूर्ती चित्रपटात दिसते. छत्तीसगढच्या गावांत अशा मूर्ती असतात हे खरं, तरीही दुखीच्या यातनांच्या मागे रावण उभा करणं मला जास्तीचं वाटतं. जे आपण अर्धा तास डोळ्यांनी बघतोय त्याला खूण लावायची गरज नव्हती.

आणि भाकरीचा प्रसंग विसरू नकोस. कथेत पंडितीण नवऱ्याला म्हणते, त्या बिचाऱ्यालाही काही खायला द्या. पंडित विचारतो, पोळ्या आहेत का? दोन-चार उरतील. दोन-चारांनी काय होणार, हा शेरभर खाईल. मग कोंडा-भुसा मिसळून जाडी भाकरी थापून टाक. आणि पंडितीण म्हणते, “अब जाने भी दो, धूप में कौन मरे.” जाऊ दे, उन्हात कोण मरतंय! घरात बसलेल्या बाईचं हे वाक्य. बाहेर उन्हात खरोखर कोण मरतोय, ते आपल्याला माहीत असतं. मी वर्गात हे वाक्य वाचायचे तेव्हा दर वर्षी कोणीतरी एक मूल दचकून वर बघायचं. बाकीच्यांना कळायला दोन मिनिटं लागायची. त्या दोन मिनिटांसाठी मी थांबायचे.

तू पुन्हा बघ. या वेळी रात्री एकटीनं नको, दुपारी बघ. पंखा बंद कर.

बंगाली दिग्दर्शक, हिंदी कथा, मग प्रमुख नटांपैकी दोघं मराठी कसे? केवळ योगायोग?
– एक वाचक, कल्याण

राय यांनी निवड करताना मनात काय विचार केला ते मी सांगू शकत नाही. पण ही माणसं तोवर एकमेकांच्या बरोबर कुठे कुठे उभी राहिली होती ते बघा, म्हणजे योगायोग हा शब्द अपुरा वाटेल.

तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ 1972 साली पुण्यात रंगभूमीवर आलं आणि मोहन आगाशे यांचा नाना फडणवीस घराघरांत पोचला. 1976 मध्ये तरुण चित्रपटकारांच्या एका सहकारी गटानं त्यावर मराठी चित्रपट केला. त्यात नाना आगाशेच होते, आणि घाशीराम होते ओम पुरी. पंजाबी घरातला हा नट राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आलेला, आणि त्याच्या चित्रपटांची सुरुवात झाली ती मराठीत. पाच वर्षांनी ‘सद्गति’त तेच दोघं पुन्हा समोरासमोर. या वेळी आगाशेंच्या पात्राचं नाव पंडित घासीराम! हे नाव प्रेमचंदांनी ठेवलेलं आहे, त्यात कुणाची करामत नाही. तरीही मराठी प्रेक्षकाच्या कानाला ते नाव वेगळं लागतंच. तिकडे घाशीरामला वापरून फेकणारा नाना, इकडे घासीराम होऊन दुखीला वापरतो.

मध्ये 1980 साली ‘आक्रोश’ झाला. लेखन तेंडुलकरांचं, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. त्यातही ओम पुरी आणि स्मिता पाटील नवरा-बायको होते आणि आगाशेही होते. स्मिता तर आधीपासून मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी, म्हणून आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. झुरियाच्या भूमिकेत तिला प्रसंग थोडे आहेत. पण पावसात नवऱ्याच्या प्रेताशी ती जे रडते, त्यात एकही सुंदर क्षण नाही. तिनं तो येऊ दिला नाही. इतक्या देखण्या, इतक्या नावाजलेल्या नटीनं कॅमेऱ्यापुढे असं रडावं याला धैर्य लागतं. 1986 च्या डिसेंबरमध्ये ती गेली तेव्हा 31 वर्षांची होती.

नुसते शहरी नट नव्हते, हेही सांगायला हवं. चित्रीकरण रायपूरच्या परिसरात झालं. तेव्हा तो भाग मध्य प्रदेशात होता. दुखीला चिलीम देणारा गोंड झाले होते छत्तीसगढचे लोककलावंत भैयालाल हेडाऊ. ओम पुरींच्या शेजारी ते कुठेही पाहुणे वाटत नाहीत. खरं तर त्या प्रसंगात नट कोण आणि गावकरी कोण, हे नवख्या माणसाला सांगता येणार नाही.

तुम्ही या चित्रपटाचं कौतुक केलंत म्हणून घरात सगळ्यांनी बसून पाहिला. माझ्या आजोबांनी मेलेली जनावरं ओढायचं काम सोडलं, त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला, त्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. दुखी शेवटपर्यंत मान खाली घालून मरतो. पेटता निखारा अंगावर पडला तरी स्वतःलाच दोष देतो. आम्हाला फक्त अपमान वाटला. लेखक आमच्यातला नाही, दिग्दर्शक आमच्यातला नाही. हे आम्ही का पाहावं?
– एक वाचक, नांदेड

तुमचं पत्र तीन दिवस टेबलावर ठेवून मग लिहायला बसले.

‘पाहायलाच हवा’ असं मी तुम्हाला म्हणणार नाही. मी भिक्षुकाच्या घरात वाढले. त्या पडद्यावर माझं घर कोणत्या बाजूला आहे ते मला ठाऊक आहे, आणि तुम्हाला ज्या जागी अपमान वाटला तिथे मला लाज वाटली. या दोन गोष्टी सारख्या नाहीत. दुखीच्या निमूटपणाबद्दल प्रेमचंदांवर दलित लेखकांनी आणि समीक्षकांनी आक्षेप घेतले आहेत. त्यांत तथ्य आहे. निखाऱ्याचा प्रसंग तुम्ही म्हणता तसाच आहे. पाच हातांवरून, पदराआडून पंडितीण चिमट्यातली आग फेकते, ठिणगी डोक्यावर पडते, आणि ब्राह्मणाचं घर बाटवल्याचं हे फळ असं दुखी स्वतःशी म्हणतो. वाचताना माझीही बोटं आवळतात. आपल्याकडे दलित कथाकार बाबूराव बागुलांची बंड करणारी माणसं वाचून या दुखीकडे यावं, तर तो परका वाटणारच.

तरीही तुमच्या आजोबांचा उल्लेख वाचला आणि मला या चित्रपटाचा शेवट वेगळा दिसला. तेवढं सांगते, पटलं तर घ्या.

दुखी मेल्यावर काय होतं? तो चिलीमवाला गोंड वस्तीवर जातो आणि बजावतो की प्रेत उचलायला जाऊ नका, पोलिसांची चौकशी होईल, एका गरिबाचा जीव घेतलाय, ही काय थट्टा आहे? आधी हाच माणूस दुखीला म्हणाला होता की सरकारी हाकीमसुद्धा वेठीला धरतो तेव्हा थोडीफार मजुरी देतो, हे तर त्याच्याही वर निघाले आणि वर धर्मात्मा म्हणवतात. म्हणजे या कथेत ज्याला सगळं स्वच्छ दिसतं असा एक माणूस आहे, आणि तो बोलतो. त्यानं स्वतः अर्धा तास त्या लाकडावर कुऱ्हाड चालवून पाहिलेली आहे. वस्ती त्याचं ऐकते. त्यात पोलिसांची भीती आहे, मी ती लपवत नाही. पण भीतीनं असो वा रागानं, कोणी येत नाही. प्रेत पडून राहतं, आणि विहिरीची वाट तिथूनच जाते. एक म्हातारी येऊन पंडिताला म्हणते, हे मढं हलवा, गावानं पाणी प्यायचं की नाही?

हा काळ लक्षात घ्या. 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मेलेली ढोरं ओढणार नाही, ही भाषा त्याच काळात आपल्या गावागावांत उमटत होती. प्रेमचंदांनी ही कथा लिहिली ती त्यानंतर थोड्याच वर्षांनी. पाणी आणि मढं, दोन्ही इथे आहेत.

आणि मग पहाट होते. पंडित एकटा बाहेर येतो. हातात दोर. शिवायचं तर नाही, म्हणून काठीनं दुखीचा पाय उचलतो, फास अडकवतो आणि ओढायला लागतो. गावाबाहेर, जिथे मेलेल्या जनावरांची हाडं पडलेली असतात तिथवर. हा प्रसंग राय यांनी ओंडक्याइतकाच थांबून दाखवला आहे. आगाशे वाकतात, धापा टाकतात, पाय घसरतात. चित्रपटभर ज्या माणसानं एक काडी उचलली नाही, त्याच्या अंगावर पहिल्यांदा वजन आलेलं आपण बघतो. गवताचा भारा दुखीनं आणला, भुसा दुखीनं वाहिला, ओंडक्यावर दुखी मेला. शेवटचं ओझं मात्र पंडिताला ओढावं लागतं, कारण ते ओढणाऱ्यांनी नकार दिला आहे. तुमच्या आजोबांनी जो दोर खाली टाकला, तो त्या पहाटे घासीरामच्या हातात आहे.

दुखी बंड करत नाही. वस्ती करते, आणि तिचं बंड म्हणजे न येणं.

आता दुखीकडे परत. त्याच्या शेवटच्या घावांबद्दल प्रेमचंद लिहितात की कुठली तरी गुप्त शक्ती त्याचे हात चालवत होती, भूक, थकवा सगळं पळून गेलं होतं, उन्मादाची अवस्था होती. पडद्यावर ओम पुरींचा चेहरा त्या वेळी भक्ताचा राहत नाही. तो राग आहे. तो पंडितावर आहे हे दुखीला ठाऊक नाही, म्हणून लाकडावर निघतो. ‘आक्रोश’मध्ये याच नटाच्या हाती शेवटी कुऱ्हाड येते, तो आपल्याच बहिणीला त्या गावाच्या तावडीतून कायमचं सोडवतो आणि आभाळ फाटेल असं ओरडतो. तो शेवट पाहून आपण हादरतो, आणि ओरडून झाल्यावर थोडे मोकळेही होतो. ‘सद्गति’ तशी मोकळीक देत नाही. प्रेमचंदांचं शेवटचं वाक्य आहे की आयुष्यभराच्या भक्तीचं, सेवेचं, निष्ठेचं हे बक्षीस. राय यांनी तेही ऐकवलं नाही. पंडित परत येऊन त्या जागेवर पाणी शिंपडतो, मंत्र म्हणतो, संपलं.

माझ्या वडिलांनी हा चित्रपट ऐंशीच्या दशकात आमच्या शेजाऱ्यांकडे दूरदर्शनवर पाहिला. मी शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मूळ कथा वाचून दाखवली. पंडितासाठी तयार ठेवायच्या शिध्याची यादी आली : शेरभर कणीक, अर्धा शेर तांदूळ, पावशेर डाळ, अर्धा पाव तूप, मीठ, हळद आणि पत्रावळीच्या कडेला चार आणे. मला त्यांनी तिथे थांबवलं, यादी पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, “आम्हीही एवढाच मागत असू. समोरच्याच्या घरात किती उरतं, ते कधी विचारलं नाही.” यापुढे त्यांनी या विषयावर माझ्याशी बोलणं केलं नाही. ते बदलले वगैरे मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण ती यादी त्यांनी दोनदा ऐकली.

म्हणून मला वाटतं, या चित्रपटासमोर आधी आमच्यासारख्या घरांनी बसावं. तुमच्या घरानं तो पाहिला आणि राग आला, हे त्या चित्रपटाला मिळालेलं अगदी खरं उत्तर आहे. माझी स्वतःची तक्रारही तुमच्या रागाच्या जवळची आहे. ज्या धनियाच्या सोयरिकीसाठी हे सगळं घडलं, तिला बाप गेल्यावर कथा आणि चित्रपट दोघांनीही रडण्यापुरतंच ठेवलं. तिचं पुढे काय झालं, हे विचारणारी कथा कुणीतरी लिहायला हवी. तुम्ही लिहिता का? पत्रातली तुमची भाषा मला तसं वाटायला लावते. लिहिलीत तर मला पाठवा. आजोबांची गोष्टही.

मी माध्यमिक शाळेत हिंदी शिकवतो. नववीच्या मुलांना ‘सद्गति’ दाखवावा का? कथा आधी घ्यावी की चित्रपट?
– एक शिक्षक, मंगळवेढा

नववीला मी दाखवला नाही, अकरावीला दाखवला. नववीची मुलं समजायला कमी पडतील म्हणून नव्हे. त्या वयात वर्गातल्या कुणाची जात कोणती, याची कुजबुज मधल्या सुट्टीत होते आणि एखाद्या मुलाला पुढचं वर्षभर ‘दुखी’ म्हणून हाक मारली जाते. माझ्या एका सहकाऱ्याच्या वर्गात हे घडलेलं आहे. तुमचा वर्ग तुम्ही ओळखता, तेव्हा तुम्हीच ठरवा. दाखवायचं ठरलं तर आधी त्या मुलांशी मोकळं बोला.

चित्रपट आधी, कथा दुसऱ्या दिवशी. कथा आधी वाचली की प्रेमचंदांचा उपरोध कानात बसतो आणि मुलं पडद्यावर पंडिताला हसायला लागतात. उलट केलं की शांत बसून बघतात, आणि दुसऱ्या दिवशी कथेतल्या उपरोधाला अचानक धार येते. सलग दोन तासिका मागून घ्या. चित्रपट त्यात बसतो आणि पंधरा-वीस मिनिटं उरतात. त्या वेळात प्रश्न विचारू नका. वह्या काढायला सांगा आणि सकाळपासून दुखीनं कोणकोणती कामं केली त्याची यादी करायला लावा, नुसती यादी. माझ्या वर्गातल्या मुलांना ती पूर्ण करताना एकमेकांना विचारावं लागलं, आणि चर्चा तिथेच सुरू झाली.

पडदा नसेल तर भिंत चालेल. स्पीकर मात्र चांगला मिळवा. शाळेतल्या टीव्हीच्या आवाजावर भागवू नका. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कुऱ्हाड लाकडावरून उसळल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे.